जावयाची पहिली दिवाळी, गिरगाव १९७३

जपून. अंधारात पाऊल टाकाल तिथे कुणीतरी झोपलेलं आहे. तुम्ही १९७३च्या ऑक्टोबरात आला आहात, गिरगावातल्या एका चाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे. दोन खोल्यांत अकरा माणसं, आणि बऱ्यातली गादी एकट्या जावयाला. दिवाळसणाला आलाय तो.

"उठलास ना? मग बंब पेटव," आजी पांघरुणातूनच फर्मावते. तिला तुम्ही पुण्याहून आलेला कुणी नातू वाटलाय. वाटू द्या. तांब्याच्या बंबात कोळसे घाला, धूर डोळ्यांत गेला तरी बोलू नका. नळाचं पाणी जायच्या आत अकरा अंघोळी उरकायच्या आहेत.

रेडिओवर नरकासुरवधाचं कीर्तन रंगलंय. मोरीत जावई पाटावर बसलाय, अंगाला तेल-उटणं, तोंडाला साबणाचा फेस. अंघोळ चालू असताना धाकट्याने फुलबाजी लावायची, असं ठरलंय. त्याने लवंगीची अख्खी माळ लावली. जावई दचकून उभा राहिला, कोपर लागून बादली लवंडली, आणि नेमका तेव्हाच नळ फुसफुसून गप्प झाला.

"अहो, पाणी!" सासूबाईंची हाक गॅलरीभर जाते. जावई फेसात अडकलाय हे मिनिटाभरात तिसऱ्या मजल्याला कळतं. शेजारून एक बादली येते, वरून दुसरी. वरच्या बादलीबरोबर फुकटचा सल्लाही येतो: "जावईबापू, डोळे मिटूनच ठेवा हो!"

स्वयंपाकघरात त्याहून गंभीर प्रकार चाललाय. गेल्या वर्षीचा दुष्काळ सरला, पण भाव उतरले नाहीत. साखरेसाठी रेशनच्या रांगा आहेत, वनस्पती तूप दुकानातून गायब आहे. या घरातलं लाटणंसुद्धा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांच्या महागाईविरोधी मोर्चात जाऊन आलंय. अशा दिवसांत जपून ठेवलेल्या तुपात सासूबाई जावयासाठी ताजा अनारसा सोडतात. तो क्षणभर फुलतो आणि कढईभर पसरून त्याची जाळी होते. दुसराही तसाच.

"हसले मेले!" त्या कपाळाला हात लावतात. शेजारच्या काकू न बोलावता आत येतात, चिमटीत पीठ घेऊन बघतात. "गूळ जास्त झालाय. थोडी पिठी मळ यात, आणि तूप तापू दे नीट." स्वतःच्या घरची पिठी त्या वाटीतून घेऊनच आल्यात. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाकीच्या फराळाचीही गत पाहून घ्या. पाक एकतारीच्या पुढे गेला, म्हणून रव्याचे लाडू आजोबांच्या कवळीला दाद देत नाहीत. डब्याचं झाकण रात्रभर उघडं राहिलं, चकल्या मऊ पडल्या. कामट्या आणि पतंगी कागद जोडून मुलांनी केलेला कंदील चुकार बाणाने होरपळला. आता त्याची फक्त एक बाजू पिवळी आहे.

आज तुमच्याकडे लाडू बिघडले तर ते कुणाला कळत नाही. दुकानातून किलोभर आणले की झालं. इथे लपवायला जागाच नाही. मोरीतली फजिती गॅलरीत ऐकू जाते, कढईतला वास मजलाभर फिरतो. म्हणून लाज वाटायलाही सवड मिळत नाही. तेवढ्यात कुणीतरी वाटी घेऊन दारात उभं असतं. चाळीतलं कुतूहल नकोसं होतं खरं, पण मदत त्याच वाटेने येते.

आता पंगतीला बसा. जावयासमोरच्या ताटात चकल्या समोरच्या बिऱ्हाडातल्या, लाडू वरच्या मजल्यावरचे, चिवडा काकूंचा. घरचं म्हणावं असं एकच: तिसऱ्या खेपेला जमलेले चार अनारसे. जावई चिवड्याचा बकाणा भरतो आणि मान डोलावतो.

"चिवडा फर्मास झालाय हं, आई."

"घरचाच आहे," सासूबाई पापणीही न हलवता सांगतात.

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज येतो, "मीठ जरा कमीच पडलंय, नाही का गं?"