अपस्मार: ६६ रुग्ण की ५०?

संशोधनाचा आराखडा लिहिताना 'व्याख्या' हा भाग आपण बहुतेकदा घाईत उरकतो. पुस्तकातून दोन ओळी उतरवल्या की झालं! पण व्याख्येवर काय काय अवलंबून असतं, ते मुंबईतल्याच एका अभ्यासातून बघू या.

आधी आजार समजून घेऊ

मेंदूतल्या पेशी विद्युत संदेशांनी एकमेकींशी बोलतात. खूप पेशी एकाच वेळी बेसुमार संदेश सोडू लागल्या की झटका येतो. तो मेंदूच्या कुठल्या भागात सुरू होतो, त्यावर त्याचं रूप ठरतं. कुणाचे हातपाय झटकले जातात, तर कुणी काही सेकंद नुसतं शून्यात बघत राहतं. फेफरं, मिरगी, फीट, आकडी ही त्याची आपल्याकडची नावं. 'अपस्मार' हे आयुर्वेदातलं नाव स्मृती जाण्यावरून आलं.

पण एक झटका आला म्हणजे अपस्मार झाला, असं नाही. तापात किंवा रक्तातली साखर एकदम उतरल्यामुळे आलेला झटका यात धरत नाहीत. असं तात्कालिक कारण नसताना, २४ तासांहून जास्त अंतराने किमान दोन झटके, ही रूढ व्याख्या. २०१४ मध्ये तिच्यात भर पडली: झटका एकच, पण पुन्हा येण्याचा धोका खूप जास्त असेल, तर तोही अपस्मार.

पारशी वसाहतींतली मोजणी

आता मोजायचं कसं? परळच्या के.ई.एम.च्या ओपीडीत बसून मोजलं, तर फक्त तिथवर पोचलेले लोक दिसतील. जे लपवतात किंवा ज्यांना आजार आहे हेच माहीत नाही, ते सुटतील. म्हणून घरोघरी जावं लागतं.

डॉ. नादिर भरुचा, के.ई.एम.मधले नामवंत न्यूरॉलॉजिस्ट डॉ. एडी भरुचा आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये त्यांनी १४,०१० लोकांची पाहणी केली. निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या फेरीत ठरावीक प्रश्नावली, आणि तिच्यात संशय आला त्यांची दुसऱ्या फेरीत न्यूरॉलॉजिस्टकडून तपासणी. पहिली चाळणी मुद्दाम सैल ठेवतात, कारण तिच्यातून निसटलेला माणूस पुन्हा सापडत नाही.

एकूण ६६ जणांना अपस्मार असल्याचं निघालं, म्हणजे हजारी सुमारे ४.७. त्यांपैकी सक्रिय अपस्मार ५० जणांना, म्हणजे हजारी सुमारे ३.६. लोक तेच, घरं तीच, तरी उत्तरं दोन. 'कधीतरी होता का?' विचारलं तर ६६, 'आत्ता आहे का?' विचारलं तर ५०. औषधांचा साठा किती लागेल याचा हिशोब करताना दुसरा आकडा जवळचा.

मधले १६ जण लक्षात ठेवा.

कायद्यातली व्याख्या

१९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायद्यात एक अट आली: वधू किंवा वराला वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येत नसावेत. अट मोडली तर लग्न रद्द ठरवून घेता येई. 'वारंवार' म्हणजे किती, शेवटचा झटका कधीचा, औषधाने आजार आटोक्यात असेल तर काय, यातलं काहीच तिथे लिहिलेलं नव्हतं. वर अपस्मार थेट वेडाच्या पंक्तीत! पारशी विवाहांचा कायदा वेगळा आहे. पण लालबाग-गिरगावातल्या हिंदू कुटुंबांतही त्या १६ जणांसारखी, झटके थांबलेली माणसं असणारच. त्यांना कुठे बसवायचं? १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द वगळला.

म्हणजे हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ती अट कायद्यात होती. आता विचार करा: घरात लग्नाची मुलगी आहे आणि दारात कुणी वही-पेन घेऊन विचारतंय, "घरात कुणाला फीट येते का?" उत्तर खरं मिळेल? या अभ्यासाच्या प्रायोगिक चाचणीत प्रश्नावलीने अपस्माराचा एकही रुग्ण सोडला नव्हता. पण तीच प्रश्नावली उचलून दुसऱ्या वस्तीत नेलीत, तर तिची परीक्षा तिथे पुन्हा घ्यावी लागेल.

तुमच्या आराखड्यासाठी एक काम सांगते. तुमच्या व्याख्येत बसणारा, न बसणारा आणि काठावरचा, असे तीन काल्पनिक रुग्ण लिहून काढा. काठावरच्याला आत का घेतलं किंवा बाहेर का ठेवलं, याचं कारण दोन ओळींत लिहा. मार्गदर्शक पहिला प्रश्न बहुधा तिथेच विचारतील.