उंबरठ्यावरचा उजेड

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेदहाला एका लग्नाच्या रिसेप्शनहून परत आलो. सोसायटीचं पार्किंग तळघरात, त्यातली निम्मी ट्यूब कायम फडफडत असते. आई गाडीतून उतरताना अडखळली. पायातली चप्पल दाराच्या खालच्या पट्टीत अडकली आणि ती थेट गुडघ्यावर. सुदैवाने खरचटण्यावर निभावलं. पण हात धरून उठवल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"अरे, तो खालचा दिवा लागायचा ना? तो कुठे गेला?"

तो 'खालचा दिवा' म्हणजे दाराच्या उंबरठ्यावरची चकाकती पट्टी. दार उघडलं की स्टीलच्या पट्टीतली अक्षरं निळसर-हिरवी उजळतात. गाडी मी सेकंडहँड घेतली, आणि ही हौस आधीच्या मालकाची. मी स्वतः त्या पट्टीची कायम टिंगल करत आलो होतो. 'गाडीला नेलपॉलिश' म्हणायचो. ड्रायव्हरच्या मागच्या दाराची पट्टी पावसाळ्यात कधीतरी बंद पडली, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. पाय कुठे ठेवायचा हे तिला त्या दिव्याने कळायचं. माझ्यासाठी नखरा, तिच्यासाठी उंबरठा. चांगलीच लाज वाटली.

मग सुरू झाला नेहमीचा उद्योग. आधी दुरुस्ती, आणि दुरुस्ती करताना 'हे आलं कुठून?' हा किडा. दुरुस्तीला दोन शनिवार लागले, किड्याला सहा. :-)

आधी थोडं उंबरठ्याविषयी

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे इंजिन लावलेल्या बग्ग्याच. उंच असायच्या, त्यामुळे चढायला बाहेर लांब फळी लागायची, म्हणजे रनिंग बोर्ड. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'चा फोटो आठवा. पुढे गाड्या बुटक्या आणि रुंद झाल्या, फळी हळूहळू गायब झाली, आणि बुटांचा सगळा मार दाराच्या चौकटीच्या खालच्या कडेवर यायला लागला. रंग उडतो, मग गंज चढतो. म्हणून तिथे धातूची पट्टी आली. तिचं मूळ काम एवढंच, लाथा खाणं.

पण जिथे प्रत्येक माणसाची नजर खाली जाते, ती जागा रिकामी कोण सोडेल? डेट्रॉइटमध्ये १९०८ साली फिशर बंधूंनी मोटारींच्या बॉड्या बांधायचा कारखाना काढला. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने त्यात मोठा हिस्सा घेतला आणि १९२६ मध्ये अख्खी कंपनीच. त्यानंतर कित्येक दशकं जनरल मोटर्सच्या गाड्यांचं दार उघडलं की उंबरठ्याच्या पट्टीवर एक छोटी बग्गी दिसायची आणि शेजारी 'बॉडी बाय फिशर'. ती बग्गी नेपोलियनच्या काळातल्या बग्ग्यांवरून घेतलेली. म्हणजे ही पट्टी म्हणजे कारागिराची सही होती. आपल्याकडे पाट्यावर किंवा तांब्याच्या हंड्यावर नाव कोरतात ना, तसं.

सहीला उजेड मिळायला मात्र वेगळ्याच खात्यातला शोध लागणार होता.

निदान

पहिल्या शनिवारी पट्टी उचकटली. सल्ला देतो: हे करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि काही मिनिटं थांबा. उंबरठ्याच्या खालून गाडीचं मुख्य वायरिंग जातं, आणि एअरबॅगवाल्या गाड्यांत त्यातच पिवळ्या वेष्टनाच्या तारा असू शकतात. त्यांना हात लावायचा नाही. तिथे प्रयोग नकोत.

पट्टीखाली बल्ब नव्हताच! कागदासारखी पातळ फिल्म आणि तिला जोडलेली काडेपेटीएवढी डबी. बॅटरी परत जोडून दार उघडलं तर डबीतून डासासारखा बारीक 'सीं' आवाज येत होता. म्हणजे डबी जिवंत होती. पलीकडच्या चांगल्या पट्टीची जोडणी इकडे लावून पाहिली, तरी अंधारच. इकडची डबी तिकडच्या फिल्मला लावली तर झकास उजेड. डीबगिंगचा साधा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदला. निष्कर्ष: फिल्म मेली आहे. कडेला बुटाने फाटली होती आणि तिथून आत काळे डाग पसरले होते. याच तपासात जोडणीच्या उघड्या टोकाला बोट लागून एक सणसणीत झटका बसला. बारा व्होल्टच्या गाडीत झटका?

तो झटका समजून घेताना मला तीन माणसं भेटली.

तीन माणसं

पहिला हेन्री राउंड. मार्कोनीच्या कंपनीतला इंग्रज इंजिनिअर. तेव्हा रेडिओच्या लहरी पकडायला स्फटिक वापरत. कार्बोरंडमच्या, म्हणजे धार लावायच्या दगडात असतो त्याच पदार्थाच्या, स्फटिकाला त्याने दोन टोकांनी दहा व्होल्ट दिले तर काही तुकडे पिवळसर उजळले. ११० व्होल्ट दिल्यावर बरेच. फेब्रुवारी १९०७ मध्ये त्याने 'इलेक्ट्रिकल वर्ल्ड' नावाच्या मासिकाला एक छोटंसं पत्र लिहिलं, की असं असं दिसलं, याबद्दल कुणी आधी काही छापलं असेल तर कळवा. बस. ज्याला आज आपण एल.ई.डी. म्हणतो, त्याची ही पहिली छापील नोंद. एक पत्र! पुढे तो आपल्या रेडिओच्या कामाला लागला.

दुसरा ओलेग लोसेव. याच्याविषयी वाचताना मी रात्री दोनपर्यंत जागा होतो. जन्म १९०३, रशियातल्या त्वेर गावचा. निझनी नोवगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत हा निरोप्या म्हणून लागला आणि तिथेच शिकत गेला. रीतसर पदवी नाही. त्यालाही स्फटिकात उजेड दिसला, पण त्याने तो सोडला नाही. पहिला प्रश्न: हा उजेड उष्णतेमुळे आहे का, तापलेल्या तारेसारखा? त्याने उजळणाऱ्या बिंदूवर बेन्झिनचा थेंब ठेवला. तापलेला असता तर थेंब झटकन उडून गेला असता. तो सावकाश सुकला. म्हणजे उजेड थंड! केवढी साधी टेस्ट केस, सांगा. मग त्याने हा उजेड किती वेगाने चालू-बंद होतो ते तपासलं, आणि यावरून संदेश पाठवता येतील हे ओळखून १९२७ मध्ये 'प्रकाश रिले'च्या पेटंटसाठी अर्ज केला. आज तुमच्या घरात फायबरने इंटरनेट येतं, त्याचं बीज या कल्पनेत आहे.

१९३८ मध्ये लेनिनग्राडच्या संस्थेने त्याचं काम पाहून प्रबंध न मागताच त्याला पदवी दिली. आणि मग युद्ध आलं. जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. जानेवारी १९४२ मध्ये लोसेव उपासमारीने गेला. वय ३८.

इथे मी लॅपटॉप बंद केला होता. आपण ऑफिसात 'क्रेडिट कुणाला मिळालं' यावर आठवडाभर धुसफुसतो, आणि इथे हा माणूस. त्याचे निबंध छापलेले होते, जर्मन आणि इंग्रजी नियतकालिकांतही होते. कुणी लपवले नव्हते. फक्त उजेड इतका मंद होता, की त्याचा उपयोग काय हे कुणाला सुचलं नाही, आणि अर्धवाहकांचं शास्त्रही तेव्हा पुरेसं तयार नव्हतं.

तिसरा जॉर्ज देस्त्रियो, पॅरिसचा. १९३६ साली त्याने झिंक सल्फाइडची पूड तेलात कालवून दोन पत्र्यांमध्ये ठेवली आणि पत्र्यांना उलटसुलट, म्हणजे ए.सी. दाब दिला. पूड उजळली. हा स्फटिकातल्या उजेडापेक्षा वेगळा प्रकार. माझी मेलेली फिल्म या घराण्यातली! दोन पातळ थर, त्यातला एक पारदर्शक पण वीज वाहणारा, मध्ये पूड. तिला डी.सी. चालत नाही, म्हणून ती डबी बॅटरीच्या बारा व्होल्टचे शंभरेक व्होल्ट ए.सी. करते. 'सीं' आवाज तिचाच आणि झटकाही तिचाच.

पारदर्शक वाहक थराची काच मिळायला लागल्यावर १९५० च्या सुमारास अमेरिकेत सिल्व्हेनिया कंपनीने असे सपाट दिवे बनवले. १९६० च्या क्रायस्लर गाड्यांत डॅशबोर्डची तबकडी आणि काटे याच उजेडात चमकायचे. १९६६ च्या डॉज चार्जरमध्येही हेच. आणि आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी खास: अपोलो यानातल्या कॉम्प्युटरचा जो कीबोर्ड-डिस्प्ले होता, 'डिस्की', त्याचे हिरवे आकडे याच जातीचे. २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरताना '१२०२' हा अलार्म आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिनने वाचला तो याच उजेडात. माझ्या पार्किंगमधली फाटकी फिल्म त्या आकड्यांची चुलत बहीण निघाली. तिला मी नेलपॉलिश म्हणत होतो!

या घराण्याचा शत्रू एकच, दमटपणा. पूड ओल धरते आणि काळी पडते. चंद्रावर पाऊस नाही. पुण्यात आहे.

दुरुस्ती

फिल्म दुरुस्त होत नाही. सर्व्हिस सेंटरने चारही पट्ट्यांचा सेट बदला म्हणून सांगितलं आणि जो आकडा सांगितला त्यात आईचं ऑपरेशन निम्मं झालं असतं. मग गेलो आमच्या कोपऱ्यावरच्या वायरिंगवाल्या काकांकडे. त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली.

"साहेब, ही संपली. हिच्या जागी एल.ई.डी. घाला, दहा वर्षं बघायला नको."

"काका, पण अक्षरं सारखी उजळतील का? ठिपके ठिपके दिसतील."

"कडेने मारा ना. समोरून कशाला मारता?"

कडेने मारा! पट्टीखाली ॲक्रिलिकचा तुकडा ठेवायचा आणि त्याच्या कडेतून उजेड आत सोडायचा. तो आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो आणि जिथे पृष्ठभाग खरवडलेला असेल तिथेच बाहेर पडतो. १८४१ मध्ये जिनिव्हात कोलादोन नावाच्या प्राध्यापकाने पाण्याच्या वाकड्या धारेत उजेड असाच कोंडून दाखवला होता. काकांना कोलादोन माहीत नाही, पण तत्त्व पक्कं माहीत आहे.

दुसऱ्या शनिवारी काम केलं. तीन मिलिमीटरची ॲक्रिलिकची पट्टी, मागची बाजू पॉलिश पेपरने खरवडली, मागे पांढरा कागद. तीन पांढऱ्या एल.ई.डी. एका माळेत, प्रत्येकी साधारण ३.२ व्होल्ट, म्हणजे ९.६. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्टपर्यंत मिळतात. उरलेले ४.८ रेझिस्टरवर. २७० ओहमचा लावला की १८ मिलिअँपिअरच्या आत राहतं. इंजिन बंद असताना जरा मंद, पण पुरेसं. जुनी डबी काढून टाकली. माझ्या गाडीत दाराचा स्विच अर्थिंग जोडतो-तोडतो, म्हणून माळेचं निगेटिव्ह टोक त्याला, पॉझिटिव्ह टोक छोट्या फ्यूजमधून आतल्या दिव्याच्या लाइनला. आणि चारही कडांना सिलिकॉन, सढळ हाताने. पहिल्यांदा तेच कमी पडलं होतं.

बरं, या पांढऱ्या एल.ई.डी.चीही गंमत आहे. १९६२ मध्ये निक होलोन्याकने लाल उजेडाची बनवली. निळी काही केल्या जमेना. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांच्या कामातून ती आली. नाकामुराची झगझगीत निळी १९९३ ची. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. पांढरी एल.ई.डी. म्हणजे आत निळी आणि वर पिवळा उजेड देणारी पूड. म्हणजे लोसेवचा स्फटिक आणि वर देस्त्रियोच्या पुडीच्या नात्यातली दुसरी पूड. दोन घराणी शेवटी एका ठिपक्यात नांदतात.

रात्री मुद्दाम आईला खाली घेऊन गेलो. दार उघडलं. तिने वाकून पाहिलं.

"आधीचा हिरवा होता."

"अगं, तो बंद पडलाय. हा जास्त उजेड देतो."

"हो, दिसतंय चांगलं." मग पाय अलगद आत ठेवून बसली आणि म्हणाली, "घराच्या उंबरठ्याशी आपण तिन्हीसांजेला दिवा लावतो, तो काय शोभेसाठी लावतो होय?"

यावर काय बोलणार. मी तिला लोसेवची गोष्ट सांगितली. सगळी ऐकून तिने एकच विचारलं, "त्याची आई होती का रे तेव्हा?" हा प्रश्न मला सहा शनिवारांत सुचला नव्हता.

असो. पावसाळ्याच्या आत उरलेल्या तीन पट्ट्यांना सिलिकॉन लावायचंय. आणि पार्किंगच्या फडफडणाऱ्या ट्यूबसाठी सोसायटीला अर्ज केलाय. तो मंजूर होईपर्यंत ही पट्टी टिकली म्हणजे मिळवली!