चाळिशी आणि चष्म्याचा नंबर

वाचताना पुस्तक लांब धरावे लागले की आपण म्हणतो, ‘चाळिशी लागली.’ चष्म्याला वयाचेच नाव! चष्म्याच्या इतिहासात डोकावले, तर हे नाव किती समर्पक आहे ते कळते.

इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मे तयार होऊ लागले. १४६२ मध्ये मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा याने फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले. त्यांतले एक डझन लांबचे पाहणाऱ्या तरुणांसाठी, तर एक डझन जवळचे पाहणाऱ्या वृद्धांसाठी होते. चार वर्षांनी त्याच्या मुलाने २०० चष्मे मागवले. त्यांतल्या बहुतेकांची प्रतवारी ३० ते ७० या वयांच्या पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी केलेली होती. वय हेच माप!

हे जमले कसे? २५ सेंटिमीटरवरचे अक्षर स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याला सुमारे ४ डायॉप्टर एवढी जादा शक्ती लागते. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात अशी १४ डायॉप्टरपर्यंत शक्ती असते. पन्नाशीत ती जेमतेम अडीच उरते. नेत्रभिंग ताठर होत जाते आणि ही घट बहुतेकांत सारख्याच वेगाने होते. म्हणून वाचायचे चष्मे आधीच घाऊक तयार करून ठेवता येतात व स्वस्त पडतात.

मुलांचे मात्र तसे नाही. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाचा नंबर उणे १, तर दुसऱ्याचा उणे ४ असू शकतो. एकाच मुलाच्या दोन डोळ्यांतही फरक असतो. शिवाय अबिंदुकता असेल, तर साधे गोलीय भिंग पुरत नाही. केंब्रिजचे गणिती जॉर्ज एअरी यांनी स्वतःच्या डाव्या डोळ्यातला हा दोष मोजला, १८२५ मध्ये त्यावर निबंध वाचला आणि इप्सविचच्या एका कारागिराकडून दंडगोलाकार पृष्ठाचे भिंग घडवून घेतले. पण प्रत्येकाने एअरी कसे व्हावे?

त्याचे उत्तर हॉलंडमधल्या उट्रेख्ट येथे मिळाले. तेथे डॉन्डर्स यांनी दृष्टिदोषांची शास्त्रीय वर्गवारी केली आणि त्यांचे सहकारी स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. १८७२ मध्ये फ्रान्सच्या मोनोये यांनी डायॉप्टर हे एकक सुचवले. वयाची जागा ‘नंबर’ने घेतली ती अशी. भिंगे पुढे यंत्रावर घासली जाऊ लागली, प्लॅस्टिकची झाली, स्वस्त झाली. नंबर काढायला मात्र जाणकार माणूसच लागतो, आणि खेड्यापाड्यांत तोच दुर्मीळ असतो. स्वस्त चष्म्याची खरी अडचण अनेकदा भिंगापाशी नसून तपासणीपाशी असते.

यातली पहिली पायरी शिक्षक चढू शकतात. भारतात १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या शालेय तपासणीत पहिली चाळणी लावण्याचे काम प्रशिक्षित शिक्षकांवर सोपवले गेले. स्नेलेनच्या तत्त्वानुसार ६ मीटरवरून निरोगी डोळ्याला वाचता येणाऱ्या अक्षराची उंची ८.७ मिलिमीटर असते आणि त्याच्या रेषेची जाडी त्या उंचीच्या एक पंचमांश. जाड पुठ्ठा, काळी शाई आणि ६ मीटर दोरी एवढ्यावर भूमितीच्या तासाला मुलांकडूनच तक्ता करून घेता येईल. लहानांसाठी इंग्रजी ‘ई’ चार दिशांना फिरवावा. प्रत्येक डोळा स्वतंत्र तपासावा. ज्याला अडखळायला होते, त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. नंबर ठरवणे हे काम त्यांचेच. मुले वाढतात तसा नंबरही बदलतो, म्हणून दर वर्षी तपासणी हवी.

ज्या मुलाने फळा कधी स्पष्ट पाहिलाच नाही, ते तक्रार कशी करणार? सर्वांना तसेच दिसते असे त्याला वाटते. मग आपण त्याला ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. तसा शिक्का मारण्याआधी त्याला एकदा सहा मीटरवर उभे करून पाहावे.