काळ्या मजकुरातला हिंगूळ

प्रोग्रामरच्या पडद्यावर ठरावीक शब्द निळे दिसतात, टिपा करड्या, अवतरणातला मजकूर हिरवा. टेक्स्ट एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन हे रंग, अक्षराचा आकार, मागची काळी-पांढरी पाटी जो तो आपल्या डोळ्यांना मानवेल तशी बदलून घेतो. हे संगणकवाल्यांचे नवे चोचले आहेत, असे सर्रास मानले जाते. मला ते पटत नाही. गच्च मजकुरात वाचणाऱ्याला वाट सापडावी म्हणून रंग योजायची रीत मराठी पोथीत शतकानुशतके होती. मधे छापखाना आला आणि ती तुटली, इतकेच.

नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी घ्या. सुमारे नऊ हजार ओव्या आणि त्यांत पेरलेले गीतेचे श्लोक. एकनाथांनी 1584 मध्ये तिचा पाठ शुद्ध केला, आणि छापील प्रती निघेपर्यंत ती हाताने नकलून घेतली जात होती. जुन्या पोथीत शब्द सुटे लिहायची पद्धत नव्हती. शिरोरेघेखाली अक्षरे एकाला एक लागून चालत. अशा पानावर काजळाच्या शाईने, बोरूने मजकूर उतरायचा, आणि दंड, ओवीचे आकडे, ‘श्रीभगवानुवाच’सारखे बोलणाऱ्याचे निर्देश, अध्यायाचे समाप्तिवाक्य हिंगुळाने लाल करायचे. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा आणि तो सुकला की त्यावरच बरोबर अक्षर काढायचे. हिंगूळ परवडत नसेल तिथे गेरू. पुष्कळ पोथ्यांत तो लिहून झाल्यावर काळ्या आकड्यांवरच चोळलेला दिसतो.

यावर कोणी म्हणेल, लाल रंग मंगल, म्हणून वापरला. वाचनाशी त्याचा काय संबंध? मंगलतेचा वाटा मी नाकारत नाही. पण तेवढेच कारण असते तर लाली देवाच्या नावांवर चढली असती, ओवीच्या आकड्यावर नव्हे. शोभेसाठी रंग कसा वापरतात याचा नमुनाही नगरचाच आहे. हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ 1565च्या सुमारास रचलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची सचित्र प्रत आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिथे रंग चित्रासाठी आहे आणि राजाच्या डोळ्यांसाठी. उलट मोडीतली दफ्तरे पाहा. तीही सलग लिहिलेली, पण जवळपास सगळी काळ्या शाईतच. तिथे वेग हवा होता आणि वाचणारा कारकून सरावलेला होता. पोथी मात्र श्रोत्यांसमोर न अडखळता वाचायची असे. कामाप्रमाणे मांडणी बदलत होती.

छापखान्याने हे गणित मोडले. दुसरा रंग हवा तर कागद दुसऱ्यांदा यंत्राखाली घालायचा आणि जागा चुकू द्यायची नाही, खर्च वाढणार. 1842 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केला, त्या सुमाराच्या मराठी छपाईत लालीचे काम हळूहळू सुटे शब्द, परिच्छेद आणि इंग्रजीवरून आलेली विरामचिन्हे करू लागली. ही सोय उत्तम होती, यात वाद नाही. पण रंग गेला तो पैशापायी. वाचकाला तो नकोसा झाला होता असे नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पोथीतला रंग लेखनिक ठरवी, एडिटरमधला वाचणारा. फरक खरा आहे, आणि मागून गेरू चोळणाऱ्याचा हात वाचकाचाही असू शकतो, एवढ्याने तो पुसत नाही. पडद्यावर रंग बदलायला फुकट आहे, हिंगूळ विकत आणावा लागे. तरीही गरज तीच राहते. मजकूर टंकला जात असतानाच त्याचे भाग ओळखून रंगवणारा ‘लेक्स’ हा अगदी सुरुवातीच्या अशा एडिटरांपैकी एक. आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी 1985 मध्ये तो केला, आणि केला कशासाठी, तर ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीसाठी. त्यांनी नेवाशाची पोथी पाहिली होती असा माझा दावा नाही. शब्द, व्युत्पत्ती, अर्थ, अवतरणे एकाच गच्च नोंदीत कोंबलेली असली की त्या संपादकांनाही तेच हवे होते, जे नऊ हजार ओव्यांत श्लोक शोधणाऱ्या पुराणिकाला हवे होते.