भंगाराच्या वखारीस जागा

भंगार म्हणजे टाकाऊ माल, हा समज लोहाराच्या भात्यापुढें टिकत नाहीं. मोडका फाळ तापला कीं त्याची विळी होते. परंतु असा माल सांठविण्यास जागा कोणाच्या आज्ञेनें मिळावी, हा प्रश्न निराळा आहे, आणि कोरपन्यापुरता त्याचा इतिहासही वांकडातिकडा आहे. राजुऱ्याकडील हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अंमलाखालीं होता. तेथें 1317 फसलीचा हैदराबाद जमीनमहसूल कायदा चाले. 1956 मध्यें तो मुंबई राज्यांतील नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, व 1959 मध्यें चांदा जिल्ह्यांत आला.

पुढें 1966 चा महाराष्ट्र जमीनमहसूल अधिनियम झाला. त्याच्या 44 व्या कलमान्वयें शेतजमीन अन्य कामीं लावण्यापूर्वीं कलेक्टरची परवानगी घेण्याचें ठरलें. मात्र अर्जाची पोंच दिल्यापासून नव्वद दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असें समजावें, असेंही त्यांत लिहिलें होतें. सरकारचें मौन हीच संमति! वखारवाल्यास ही सोय. शेजारच्या विहिरीच्या धन्यास मात्र धास्ती.

ती धास्ती निराधार नव्हे. या भागांतील काळ्या मातीखालीं चुनखडी आहे. गडचांदूर व आवारपूर येथील सिमेंटचे कारखाने तिच्याच जोरावर उभे राहिले. तिच्या भेगांतून पाणी लांबवर झिरपतें. जुन्या बॅटऱ्यांतील शिसें व तेजाब रानांत सांडल्यास तें त्याच वाटेनें जाणार. शिवाय भंगारांत काय आलें, हें विकत घेणाऱ्यासही ठाऊक नसतें. 2010 मध्यें दिल्लीच्या मायापुरी बाजारांत लिलावांत विकलेलें एक जुनें यंत्र फोडलें गेलें. त्यांतील कोबाल्ट-60 मुळें कित्येक माणसें आजारी पडलीं, आणि एकाचा प्राण गेला.