जुनी मोटार घेताना आधी कागद, मग इंजिन

चाकूर : नव्या मोटारींच्या किमती आवाक्याबाहेर गेल्याने मध्यमवर्गीय कुटुंबे दीड-दोन लाखांत मिळणाऱ्या जुन्या गाडीकडे वळतात. लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी असा सौदा अनेकदा ओळखीच्या मध्यस्थामार्फत ठरतो. मात्र ओळख ही गाडीची हमी नव्हे. विसार देण्यापूर्वी पुढील बाबी तपासणे हिताचे ठरते.

कागदपत्रांची पडताळणी
आरसी बुकवरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदीत विमा, कर्जाचा बोजा व नोंदणीची मुदत दिसते. थकीत ई-चलनही स्वतंत्रपणे पाहावे. बोजा असल्यास बँकेचे ना हरकत पत्र व नमुना ३५ घ्यावा. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे चौदा वर्षांची गाडी दिसते तितकी स्वस्त नसते.

परराज्यातील गाडी
बिदर किंवा हैदराबादकडील गाडी स्वस्त वाटली, तरी तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी येथे ठेवायची असल्यास महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कर भरावा लागतो. हा खर्च किमतीत धरूनच तुलना करावी.

पुरात बुडालेली गाडी
ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये लातूर-नांदेड भागात पूर आले. त्यामुळे ही तपासणी विशेष आवश्यक आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. टोकाला चिखलाचा डाग असल्यास गाडी पाण्यात होती असे समजावे. गालिच्याखालची माती, आसनांच्या पट्ट्यांवरील गंज आणि कुबट वास हीही लक्षणे होत. अशा गाडीत वायरिंगचा बिघाड पुढे वारंवार उद्भवतो.

इंजिनाची परीक्षा
गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता असते. मीटरवरील किलोमीटर मागे फिरवता येतात. म्हणून सर्व्हिसच्या नोंदी पाहाव्यात आणि क्लच-ब्रेकचे पेडल व स्टिअरिंग किती झिजले आहे तेही बघावे. टायरवरील चार आकडे निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. विक्रेत्याशी संबंध नसलेला मेकॅनिक सोबत न्यावा. त्याला दिलेले काही शे रुपये वाया जात नाहीत.

बजेट कसे आखावे
हाती दोन लाख असतील, तर सौदा पावणेदोन लाखांपर्यंतच ठेवावा. टायर, बॅटरी, ऑईल, विमा व हस्तांतरणाचा खर्च लगेच येतो. रोजचे फिरणे कमी असल्यास डिझेलपेक्षा लहान पेट्रोल गाडी परवडते. सुटे भाग सहज मिळतील असेच मॉडेल निवडावे.

नाव बदलणे टाळू नये
सही केलेले कोरे फॉर्म घेऊन वर्षानुवर्षे गाडी चालवण्याची पद्धत घातक आहे. नमुना २९ व ३० भरून खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणासाठी अर्ज करणे आवश्यक असते. विम्यावरील नाव बदलण्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. ते न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. गाडी अनेक हातांतून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीवरील मालकाची, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. म्हणजे नाव बदलण्यात विकणाऱ्याचेही तितकेच हित आहे. किमतीचा शेवटचा हप्ता हस्तांतरणाची पावती हाती आल्यावरच द्यावा, असे सौद्याच्या वेळीच लेखी ठरवून घेणे उत्तम.