सुडोकूतले शब्द : कटपयादी ते कांजूरमार्ग

एक, दोन, तीन, चार… नऊ. मराठीत या नऊही अंकांची नावे दोन अक्षरी आहेत. इंग्रजीत ‘वन’ तीन अक्षरांचा आणि ‘थ्री’ पाच अक्षरांचा असल्याने अक्षरे मोजून अंक आणि शब्दांची सांगड घालता येते. आपल्याला ती वाट बंद.

‘शब्द-सुडोकू’ म्हणून जे छापले जाते, त्यात बहुधा अंकांच्या जागी नऊ अक्षरे बसवलेली असतात. माझ्या मते हे नुसते वेषांतर. मराठी न येणाराही ते सोडवील. खरे तर या चौकटीचे मूळच अक्षरांत आहे. ऑयलरने १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात चौरसात लॅटिन अक्षरे मांडली, म्हणून तो ‘लॅटिन चौरस’. १९७९ साली हॉवर्ड गार्न्स या निवृत्त अमेरिकन वास्तुविशारदाने त्यात तीन-बाय-तीनच्या पेट्या आणल्या. १९८४ मध्ये जपानच्या निकोलीने तो खेळ उचलला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून तो जगभर गेला.

शब्दाला खरोखर कामाला लावणारी किल्ली मात्र आपल्याकडे जुनीच आहे : कटपयादी. क, ट, प, य म्हणजे १. ख, ठ, फ, र म्हणजे २. असे वर्गावर्गाने पुढे. स्वर कोणताही चालतो, जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरायचे, न आणि सुटा स्वर म्हणजे शून्य. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्त्या रागांची नावे याच रीतीने आपला क्रमांक सांगतात. नागार्जुनाच्या नावावर असलेल्या ‘कक्षपुट’ या तंत्रग्रंथात तर अख्खा जादूचा चौरस शब्दांत बांधला आहे. तिथे अंक उलट वाचायचे, म्हणून भूप म्हणजे १४ आणि नारी म्हणजे २०. त्यांच्या ओळीत ३२, १४, २०, ३४ : बेरीज १००. उभी, आडवी कुठलीही ओळ घ्या, १००च.

मुलुंडच्या मंडळींसाठी कोडी रचताना मी हीच किल्ली सुडोकूला लावली, अंक मात्र सरळ डावीकडून ठेवले. शब्द दिला की अंक एकच निघतो. उलटे जमत नाही, कारण ४ वरून भ घ्यावा की व, हे कोण ठरवणार? उत्तर एकच यायला हवे, तर सूत्र शब्दाचे आणि शोध अंकाचा, हाच क्रम ठेवावा लागतो.

मग उपनगरांची नावे तपासली. मुलुंडात ल आणि ड दोन्ही ३. घाटकोपरात १ तीनदा. बोरिवलीत ब आणि ल पुन्हा ३. अंधेरीची सुरुवातच शून्याने. चौघेही एका ओळीत नापास! भांडुप मात्र ४-३-१. विक्रोळीला ळ अडवतो, कारण जुन्या यादीत तो सहसा नसतो. पण आपल्या वर्णमालेत य १ पासून मोजत गेले, तर ह ८ च्या पुढे ळ ९ वर येतो. म्हणून विक्रोळी ४-२-९. भांडुपशेजारचे कांजूरमार्ग १-८-२-५-३, पाचही वेगळे. दोन्हींत १ आणि ३ असल्याने ही शेजारची स्टेशने एका ओळीत कधीच बसणार नाहीत; सोडवणाऱ्याला पहिला धागा तिथेच मिळतो.

कांजूरमार्गच्या ओळीत उरतात ४, ६, ७, ९. त्यांच्यासाठी मी दिलेले सूत्र : ‘गाफीलपणाच्या उलट, चार अक्षरी’. सावधता, म्हणजे ७-४-९-६. ‘कांजूरमार्ग सावधता’ मिळून नऊही अंक एकेकदा येतात, आणि ऐकायला लागते ती थेट रेल्वेची उद्घोषणा.